लोरा सेन्सरचा डेटा काही तास गायब होतो आणि आपोआप परत येतो: टकरी कशा ओळखायच्या, कशा थांबवायच्या

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षबागांतून लोरा या लांब पल्ल्याच्या, कमी वीज खाणाऱ्या रेडिओवर चालणारे सेन्सर बसवणाऱ्यांकडे एक तक्रार फिरून फिरून येते. वीस-एक नोड (सेन्सर आणि रेडिओची पेटी), पाण्याच्या टाकीवर त्या सगळ्यांचं ऐकणारा एक गेटवे, दर दहा मिनिटांनी एक वाचन. आठवडाभर सगळं सुरळीत असतं. मग एखाद्या रात्री सात नंबरचा नोड गप्प होतो. सकाळी बागायतदाराचा फोन येतो, "दादा, सात नंबर बंद पडलाय." दुपारी बागेत पोचावं तर नोड व्यवस्थित बोलत असतो. दोन दिवसांनी बारा नंबरचं तेच.

यावर नेहमीचे उपाय केले जातात. अँटेना बदलली जाते, खांब चार फूट वाढवला जातो, बॅटरी नवी टाकली जाते. नोड तसाही दुपारपर्यंत परत येणारच होता, त्यामुळे जे शेवटी केलं त्याने काम झालं असं वाटतं आणि तोच समज पक्का होतो. पुढच्या वेळी पुन्हा खांब.

हे गंभीरपणे घ्यायला हवं, कारण डेटा नेमका वाईट वेळी जातो. फळछाटणीनंतर फुलोऱ्यापर्यंतच्या काळात डाउनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी घ्यायची की थांबायचं, हे रात्री पान किती तास सलग ओलं राहिलं यावर ठरतं. बुरशीला पानावर काही तास पाणी लागतं, आणि ते तास बहुधा मध्यरात्रीनंतरचेच असतात. त्या वेळेची दहा तासांची नोंद गेली तर सेन्सर असून नसल्यासारखा. त्यात काही सॉफ्टवेअर रिकामी जागा शून्याने भरतात, म्हणजे न आलेला डेटा "पान कोरडं होतं" असा वाचला जातो. दुरुस्ती काहीही करा, त्याआधी ही सेटिंग बंद करा. न आलेलं वाचन स्क्रीनवर न आलेलंच दिसलं पाहिजे.

आधी नोड गप्प होता की ऐकू आला नाही, ते ठरवा

यासाठी प्रत्येक पॅकेटमध्ये, म्हणजे नोड एका वेळी पाठवतो त्या संदेशात, दोन आकडे हवेत: दर पॅकेटला एकाने वाढणारा क्रमांक, आणि नोड किती वेळा नव्याने सुरू झाला त्याची मोजणी. दोन्ही मिळून तीन-चार बाइट लागतात आणि अर्धं निदान तिथेच होतं. डेटा परत आल्यावर पॅकेट क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाला असेल, सुरू होण्याची मोजणी वाढली असेल, तर दोष बॅटरीत, सोलरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे. क्रमांक ४१०२ वर थांबून ४१६४ पासून पुढे आला असेल, तर मधली ६१ पॅकेटं नोडने व्यवस्थित पाठवली होती. ती हवेत हरवली.

हवेत हरवली असतील तर खंड पडण्याआधीची शेवटची पाच-सहा पॅकेटं बघा. सिग्नलची ताकद रोजच्याइतकीच असेल आणि पुढच्या पॅकेटपासून एकदम शांतता असेल, तर रेंजचा प्रश्न नाही. रेंज अशी कडी लावल्यासारखी बंद होत नाही.

आता लॉगमधली येण्याची वेळ घ्या आणि तिला ६०० सेकंदांनी भागून बाकी काढा. दहा मिनिटांच्या चक्रात कुठल्या सेकंदाला कोण बोलतं, ते यातून कळतं. आडव्या अक्षावर तारीख, उभ्या अक्षावर ही बाकी, प्रत्येक नोडला वेगळा रंग. एक्सेलमध्येही होतं. सगळ्या रेषा आडव्या दिसायला हव्यात अशी आपली अपेक्षा असते, पण त्या तिरक्या निघतात, कारण कुणाचंच घड्याळ अगदी बरोबर नसतं. जिथे दोन तिरक्या रेषा एकमेकींना छेदतात, नेमका तिथेच दोघांचाही डेटा गायब असतो. हा आलेख एकदा काढलात की खांब उंच करायची इच्छा राहणार नाही.

दहा तास येतात कुठून

लोरात एसएफ १० (स्प्रेडिंग फॅक्टर: हा आकडा जितका मोठा तितका पल्ला लांब, पण पॅकेट हवेत जास्त वेळ), १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ आणि २० बाइटचा मजकूर धरला तर एक पॅकेट साधारण ३७१ मिलिसेकंद हवेत असतं. दोन नोडची पॅकेटं एकमेकांवर चढायला त्यांच्या सुरुवातींत ३७१ मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर पुरतं, मग पुढे कुणीही असो. म्हणजे धोक्याची खिडकी ७४२ मिलिसेकंदांची.

साध्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर ±२० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) अशी चूक छापलेली असते. दोन नोडच्या घड्याळांत २० पीपीएमचा फरक धरा. मग ६०० सेकंदांच्या एका चक्रात एक नोड दुसऱ्याच्या तुलनेत १२ मिलिसेकंद सरकतो. ७४२ मिलिसेकंदांची खिडकी अशा चालीने ओलांडायला ६२ चक्रं लागतात, म्हणजे दहा तासांहून थोडं जास्त. त्या काळात दोघांचं प्रत्येक पॅकेट एकमेकांवर आदळतं. तास काटा आणि मिनिट काटा एकमेकांवर येतात तसंच हे आहे, फक्त इथे काटे अतिशय सावकाश चालतात.

रोज मध्यरात्रीच्या नोंदी बघितल्या तर चित्र असं दिसेल. समजा पहिल्या रात्री सात नंबर चक्राच्या २२१.० व्या सेकंदाला येतो आणि बारा नंबर २२४.९ व्या. दुसऱ्या रात्री बारा नंबर २२३.२ वर आलेला. तिसऱ्या रात्री २२१.४५ वर. अंतर आता ०.४५ सेकंद. रात्री एकच्या सुमारास ते ०.३७ च्या खाली जातं आणि दोघेही गप्प. सकाळी साडेअकरापर्यंत बारा नंबर सातच्या पलीकडे सरकतो आणि दोघेही बोलायला लागतात. पानओलाव्याची अख्खी रात्र गेली.

एका जोडीची पुढची गाठ या हिशेबाने ३४७ दिवसांनी पडते, म्हणून त्याच नोडचा पुन्हा त्रास लगेच दिसत नाही आणि दुरुस्ती लागू पडली असं वाटतं. पण वीस नोडांत १९० जोड्या होतात. ३४७ भागिले १९० म्हणजे दर दोन दिवसांत कुठे ना कुठे एक जोडी एकमेकींवर येते. दर दोन-चार दिवसांनी वेगळाच नोड का रुसतो, त्याचं उत्तर हे आहे.

कागदावर हिशेब करून नेटवर्क उभारणारे इथेच फसतात. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने १९७१ मध्ये अलोहानेट हे रेडिओ नेटवर्क सुरू केलं, तेव्हापासून न विचारता बोलणाऱ्या रेडिओंचं गणित सगळ्यांना माहीत आहे: कुणीही केव्हाही बोललं तर माध्यमाचा जास्तीत जास्त १८.४ टक्के उपयोग होतो, वेळेचे ठरावीक तुकडे (स्लॉट) पाडून स्लॉटच्या सुरुवातीलाच बोलायचं ठरवलं तर ३६.८ टक्के. आपले वीस नोड मिळून १.२ टक्के वेळच बोलतात. सूत्रात घातलं तर २.३५ टक्के पॅकेटं टकरीत जातील असं उत्तर येतं आणि ते सरासरीने बरोबरही असतं. पण ते सूत्र प्रत्येक जण यदृच्छेने बोलतो असं मानतं. आपले नोड यदृच्छेने बोलत नाहीत, ते ठरावीक कालावधीने बोलतात. त्यामुळे २.३५ टक्के नुकसान विखुरलेलं न येता दहा-दहा तासांच्या ढेकळांत येतं. चाळीस-पन्नास वाचनांत एखादं गेलं तर कुणाचं काही बिघडत नाही. एक सलग रात्र गेली तर बिघडतं.

घड्याळ चांगलं लावलं आणि त्रास वाढला

हा अनुभव बऱ्याच जणांना येतो आणि चक्रावून टाकतो. डीएस३२३१ सारखी तापमान सांभाळणारी आरटीसी (घड्याळाची चिप) शून्य ते चाळीस अंशांत ±२ पीपीएम चालते. दोन नोडांत जास्तीत जास्त ४ पीपीएम फरक. म्हणजे दर चक्राला सरकणं फक्त २.४ मिलिसेकंद, आणि तीच ७४२ मिलिसेकंदांची खिडकी ओलांडायला एकावन्न तास. नुसतं घड्याळ सुधारून वेळा वाटून दिल्या नाहीत, तर टक्कर दहा तासांऐवजी दोन दिवस चालते.

त्यात आरटीसीचा अलार्म सगळ्या नोडांवर दहाच्या पटीतल्या मिनिटाला, शून्य सेकंदाला लावलेला असतो. कोड एकच, सगळ्या बोर्डांवर तोच टाकलेला. मग वीसच्या वीस नोड एकाच ठोक्याला बोलतात आणि टाकीजवळचे दोन-चार सोडले तर कुणीच ऐकू येत नाही. अलार्ममध्ये नोडप्रमाणे वेगळे मिनिट-सेकंद टाकणं ही पहिली दुरुस्ती. यात काहीही विकत घ्यावं लागत नाही.

उलट, वॉचडॉग टायमरवर किंवा ईएसपी३२ चिपच्या आतल्या आरसी घड्याळावर, म्हणजे क्रिस्टलशिवायच्या कच्च्या घड्याळावर, झोपणारे नोड या रोगातून बरेचसे सुटतात. त्यांचं घड्याळ इतकं हलतं की कुणाशीही जोडी फार वेळ टिकत नाही. मात्र अशा नोडांना स्लॉट पाळता येत नाहीत, हे पुढे लक्षात ठेवा.

लगेच करण्यासारखं: ठेका मोडा

वाचन वेळेवर घ्या, पण ते पाठवण्याआधी शून्य ते तीस सेकंदांत कितीही, दर वेळी वेगळं, थांबा. पॅकेटमध्ये "हे वाचन किती सेकंदांपूर्वीचं" तो आकडा टाका म्हणजे वेळ चुकत नाही. दोन नोड अगदी एकमेकांवर आले तरी आता प्रत्येक चक्रात टक्कर व्हायची शक्यता शंभर टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर येते. शिवाय प्रत्येक पॅकेटमध्ये मागचं वाचनही सोबत पाठवा. २० चे २८ बाइट झाले तर हवेतला वेळ ३७१ वरून ४१२ मिलिसेकंद होतो, एवढीच किंमत. दोन पॅकेटं लागोपाठ गेली तरच एक वाचन जाईल.

इथे एक खाच आहे. अर्डुइनोवरचं रँडम फंक्शन सीड (सुरुवातीचा आकडा) न देता वापरलं तर प्रत्येक बोर्डावर, प्रत्येक वेळी सुरू झाल्यावर, तीच आकड्यांची माळ देतं. वीस बोर्ड एकदम सुरू झाले की वीसही बोर्ड सारखंच "यदृच्छेने" थांबतात आणि सारखेच बोलतात. सीडमध्ये नोड क्रमांक हवाच. त्यात मोकळ्या अॅनालॉग पिनचं वाचन मिसळा, किंवा एसएक्स१२७६ या लोरा चिपच्या वाइडबँड सिग्नल रजिस्टरमधला गोंगाट मिसळा.

पुन्हा पाठवण्याचंही तसंच. पोच आली नाही म्हणून बरोबर दोन सेकंदांनी पुन्हा पाठव, असा कोड असेल तर आदळलेले दोघेही दोन सेकंदांनी पुन्हा आदळतात. थांबण्याचा वेळ यदृच्छेने निवडा आणि दर अपयशाला त्याची मर्यादा दुप्पट करा. तीन प्रयत्नांनंतर सोडून द्या. वाचन तसंही पुढच्या पॅकेटबरोबर जाणार आहे.

लाईट आली की काही तास गोंधळ

शेतीची लाईट आठ तास, कधी दिवसा कधी रात्री. मोटारीच्या पेटीत, व्हॉल्व्हजवळ बसवलेले आणि लाईटवर चालणारे नोड एकाच क्षणी सुरू होतात. सगळे "मी चालू झालो" म्हणून ओरडतात, आणि पुढे दर दहा मिनिटांनी तेच सगळे एकदम. चक्राला १२ मिलिसेकंद या गतीने एकमेकांपासून ३७१ मिलिसेकंद सुटायला ३१ चक्रं, म्हणजे पाच तास. आठ तासांच्या लाईटीतले पाच तास असे जातात. सुटले सुटले म्हणेपर्यंत लाईट जाते आणि दुसऱ्या पाळीला सगळं पहिल्यापासून. "लाईट असली की डेटा येत नाही, व्होल्टेजचा घोळ असेल," अशी तक्रार आली तर मी आधी हे तपासतो.

उपाय साधा आहे. सुरू झाल्याबरोबर बोलायचं नाही. नोड क्रमांक गुणिले पंचवीस सेकंद थांबायचं आणि मग पहिलं पॅकेट.

एकाचाच डेटा जातो, दुसऱ्याचा नाही

टक्कर झाली तर दोघांचा डेटा जायला हवा, असं वाटतं. पण एकाच एसएफवरच्या दोन पॅकेटांत एकाचा सिग्नल साधारण ६ डेसिबलने जोरदार असेल, तर गेटवे बहुतेक वेळा तो जोरदार सिग्नल नीट वाचतो. टाकीजवळचा नोड कायम जिंकतो, ओढ्याकाठचा कायम हरतो. लॉगमध्ये दूरचाच बंद पडलेला दिसतो आणि "लांब आहे ना, म्हणून" हा निष्कर्ष जणू आयताच मिळतो. खात्री करायची तर दूरच्या नोडला हात लावू नका. त्या काळात त्याच सेकंदाला जो जवळचा नोड बोलत होता, तो पंधरा मिनिटं बंद ठेवा. दूरचा लगेच ऐकू आला तर गुन्हेगार सापडला.

बोलण्याआधी हवा मोकळी आहे का ते ऐकायचं, ही सोय लोरा चिपमध्ये आहे, आणि ती चालू ठेवायला हरकत नाही. पण तिच्यावर विसंबू नका. टेकाच्या अलीकडचा नोड पलीकडच्याला ऐकूच शकत नाही. टाकीवरचा गेटवे मात्र दोघांनाही ऐकतो, आणि टक्कर गेटवेपाशी होते. सोनी-मणेराजुरीच्या उंचसखल रानात अशा जोड्या भरपूर निघतात.

शेजारच्या बागेकडेही बघा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. लोरावॅनचे (लोरावर चालणाऱ्या प्रमाणित नेटवर्कचे) ठरलेले तीन चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झवर आहेत. तुमची स्वतःची साधी लोरा यंत्रणा त्यांच्यापैकीच एखाद्यावर असेल तर शेजाऱ्याची पॅकेटं तुमच्यावर आदळणारच. सिंक वर्ड, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची ओळखखूण, वेगळा ठेवला की त्यांचा डेटा तुमच्यात मिसळत नाही. टक्कर मात्र त्याने टळत नाही. त्या तिन्ही चॅनेलांपासून दोन-चारशे किलोहर्ट्झ बाजूला सरका.

कायमचा उपाय: प्रत्येकाची वेळ ठरवून द्या

वेळा वाटून द्यायच्या म्हटलं की लोक मिलिसेकंदाच्या अचूकतेला घाबरतात. शेतात ती लागत नाही. दहा मिनिटांचं चक्र आणि वीस नोड: प्रत्येकाला २५ सेकंदांचा स्लॉट द्या, ५०० सेकंद गेले, उरलेले १०० सेकंद नव्या नोडांना आणि राहून गेलेल्यांना. नोडने आपल्या स्लॉटच्या मधोमध बोलायचं. म्हणजे अलीकडे-पलीकडे १२ सेकंदांची मोकळीक आहे. २० पीपीएमचं क्रिस्टल दिवसाला १.७ सेकंद चुकतं, म्हणजे जवळजवळ आठवडाभर दुरुस्ती केली नाही तरी चालेल.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा धरा. घड्याळाचं ३२ किलोहर्ट्झचं क्रिस्टल २५ अंशांपासून जितकं दूर जाईल तितकं मंद होतं, आणि तेही फरकाच्या वर्गाने. एप्रिलच्या उन्हात बंद पेटी ५५ अंशांवर गेली तर आणखी ३० पीपीएम जातात. दिवसभर तसंच राहिलं असं धरलं तरी दिवसाला साडेचार सेकंदांच्या आतच. रोज एकदा दुरुस्ती केली की पुरे.

ती दुरुस्ती स्वस्तात करता येते. नोडला सतत ऐकत बसवू नका, त्यात बॅटरी जाते. दिवसातून एका पॅकेटनंतर नोडने दोन सेकंद कान उघडे ठेवायचे. पॅकेट कधी आलं आणि कधी यायला हवं होतं, हे गेटवेला माहीत असतं. त्याने एवढंच सांगायचं: तू ३.४ सेकंद लवकर आलास. नोड पुढची झोप तेवढी लांबवतो. गेटवे बोलत असताना त्याला दुसरं काही ऐकू येत नाही, पण त्या स्लॉटमध्ये दुसरं कुणी बोलणारच नसतं.

गेटवे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर असेल तर तिथे जपा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नाही. लाईट जाऊन आली आणि इंटरनेट उशिरा जोडलं गेलं तर मधल्या वेळात पाय जुन्याच वेळेत असतो. त्या वेळेवरून त्याने दुरुस्त्या वाटल्या तर काही नोड नव्या वेळेवर, काही जुन्या वेळेवर, आणि स्लॉट एकमेकांत घुसतात. इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून वेळ मिळाल्याशिवाय दुरुस्ती पाठवायची नाही, ही अट कोडमध्ये टाकाच. खर्चाचा विचार न करता गेटवेला आरटीसी लावा.

गेटवेशिवायही वेळा वाटून घेता येतात. हार्वर्डमध्ये राधिका नागपाल यांच्या गटाने २००७ मध्ये डीसिंक नावाची पद्धत मांडली. प्रत्येक नोड आपल्या आधी कोण बोललं आणि आपल्यानंतर कोण बोललं एवढंच ऐकतो आणि पुढच्या फेरीत त्या दोघांच्या मध्यावर सरकतो. काही फेऱ्यांत सगळे चक्रात समान अंतरावर पसरतात. एखादा बंद पडला तर बाकीचे त्याची जागा आपोआप वाटून घेतात. पद्धत सुंदर आहे, पण सगळ्यांना एकमेकांचं ऐकू यायला हवं आणि ऐकत राहायला हवं. बॅटरीवरच्या पानओलावा सेन्सरला हे परवडणारं नाही. लाईटवरच्या, एकाच रानातल्या मोटार पेट्यांवर करून बघण्यासारखी आहे.

जवळच्या नोडांना एसएफ १० ची गरजही नसते. एसएफ ७ वर तेच २० बाइट ५७ मिलिसेकंदांत जातात, म्हणजे टकरीची खिडकीच साडेसहा पट लहान होते. एवढंच की एका चिपचा साधा गेटवे एका वेळी एकच एसएफ ऐकतो. वेगवेगळे एसएफ ठेवायचे तर आठ चॅनेलचा गेटवे लागतो. एसएफ १२ वर कुणालाही ठेवू नका. तेच पॅकेट तिथे १.३ सेकंद हवा अडवून बसतं.

दुरुस्ती लागली का, ते कसं बघायचं

रोजची किती टक्के पॅकेटं आली हा आकडा इथे फसवा आहे, कारण तो दुरुस्तीआधीही ९७ च्या आसपासच असायचा. प्रत्येक नोडचा सगळ्यात लांब सलग खंड किती वाचनांचा होता, तो आकडा काढा. नुसती यदृच्छा टाकली असेल तर तो एक-दोनवर यायला हवा. स्लॉट लावले असतील तर बहुतेक नोडांचा शून्य. ६०० ने भागून काढलेल्या आलेखात आता आडव्या पट्ट्या दिसतील, रोज थोड्या वाकून पुन्हा जागेवर येणाऱ्या.

एवढं करूनही एखाद्या नोडचे खंड लांबच राहिले, तर त्याची सिग्नलची ताकद छाटणीपासून आजपर्यंत आठवड्यागणिक मांडा. छाटणीला मांडव मोकळा असतो, नंतर पानोरा भरत जातो आणि आकडा हळूहळू उतरतो. असा उतार दिसला तर त्या नोडची अँटेना मांडवाच्या वर काढा. तिथे खांबच लागतो.